सात नंबरचा दगड

अनंतनगरच्या नकाशावर हिरवा रंग भरला तो गर्शोम आपटेकरने, आणि जमिनीवरून तो पुसला गेला तोही त्याच्याच करणीने. आज पनवेलात विचाराल तर यातली पहिली गोष्ट कुणाला ठाऊक नाही आणि दुसरी कुणी कबूल करणार नाही. गर्शोमने ती कबूल केली होती, चारचौघांत, मोठ्याने. त्याचं काय झालं तेच सांगायचं आहे.

गर्शोम ड्राफ्ट्समन. पनवेलच्या बाजारात एका आर्किटेक्टच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या उभ्या टेबलाशी त्याची अठरा वर्षं गेली. घराणं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, मूळचं आपट्याचं, पाताळगंगेच्या काठचं. आजोबांचा तेलाचा घाणा होता, आणि शनिवारी तो बंद असायचा म्हणून गावाने त्यांच्या लोकांना शनिवार तेली हेच नाव देऊन टाकलं होतं. घाणा कधीच मोडीत निघाला, शनिवार मात्र राहिला. साहेब समजूतदार होता. शनिवारची सुटी त्याने दिली होती आणि गर्शोम ती बाकीच्या दिवशी उशिरापर्यंत थांबून भरून काढत होता. शर्टाच्या खिशात त्याच्याकडे कायम कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असे. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की ब्लेडच्या टोकाने ती हलक्या हाताने खरवडायची. त्याने खरवडलेली रेघ भिंगातून पाहिली तरी सापडत नाही, असं साहेब लोकांना कौतुकाने सांगायचा.

काम बहुतेक एकाच जातीचं. कुणाचं तरी भातशेत यायचं आणि गर्शोमने त्याचे प्लॉट पाडायचे. आता प्लॉट पाडताना जमिनीचा दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो, पोराबाळांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला. तसा नियमच आहे. हा नियम ऐकला की जमीनमालकाच्या पोटात दुखायला लागतं. तो खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज उतरवून म्हणतो, तो नाल्याचा काठ आहे ना, तो दाखवा की मोकळा. नाहीतर विजेच्या मोठ्या तारांखालचा पट्टा. नाहीतर कोपऱ्यातला तो त्रिकोणी तुकडा, जिथे धड गोठाही उभा राहात नाही. कागदावर दहावा हिस्सा बरोबर भरतो. मंजुरी देणाऱ्याला क्षेत्रफळ लागतं, तिथे पोरं खेळणार कशी हे कुणी विचारत नाही. गर्शोमने असे पन्नासेक नकाशे काढले असतील, आणि प्रत्येकात नाल्याला हिरवा रंग दिला. पगार घेणाऱ्याने मालकाला शहाणपण शिकवायचं नसतं हे त्याला कळत होतं. पण बायकोला, तमारला, तो कधीकधी जेवताना म्हणायचा, "एक दिवस मी एक तरी मैदान नीट काढणार आहे."

तो दिवस सत्याऐंशी साली आला. गाढी नदीच्या अलीकडे अनंता म्हणून एका आगरी शेतकऱ्याची पाच एकर जमीन होती. भाताचं पीक, मधोमध आजाने चोपून चोपून केलेलं खळं, आणि खळ्याच्या कडेला एक जुना करंज. गर्शोम मोजणीला गेला, दुपारचा त्या करंजाखाली डबा खायला बसला आणि त्या जागेवरून उठेना. पायाखाली एक खडा नाही. वारा नदीकडून सरळ येत होता. त्याला त्याची नऊ वर्षांची ज्युडिथ आठवली, जी चाळीच्या गॅलरीत सायकल शिकत होती आणि रोज कुणाच्या तरी बादलीवर आपटत होती.

"अनंता, खळं आहे तसं ठेव," तो म्हणाला. "तीच तुझी मोकळी जागा."

अनंता त्याच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान, टेरिकॉटच्या शर्टात नवा नवा शेठ झालेला. तो हसायलाच लागला. "अवो दादा, तीच तर माजी सोन्याची जागा. मोकली ठेवायला वढ्याकाठ हाय की."

मग गर्शोमने आयुष्यात पहिल्यांदा व्यापाऱ्यासारखं बोलून पाहिलं. ओढ्याकाठी मैदान ठेवलंस तर ते कुणाला दिसणार नाही. मध्ये ठेवलंस तर भोवतीचे आठ प्लॉट मैदानासमोरचे म्हणून चढ्या भावाने जातील. अनंताने मनातल्या मनात हिशेब केला आणि मान डोलावली. त्याला मैदान पटलं नव्हतं, मैदानासमोरचा भाव पटला होता. गर्शोमला हा फरक तेव्हा कळला नाही, किंवा कळूनही आनंदाच्या भरात त्याने तिकडे काणाडोळा केला.

त्या नकाशावर त्याने जीव ओतला. मधला चौकोन रंगवताना ब्रश तीनदा धुतला. अनंताच्या जादा कामाच्या मोबदल्यात त्याने पैसे घेतले नाहीत, मैदानासमोरचा एक छोटा प्लॉट पदरात पाडून घेतला आणि कर्ज काढून वर गॅलरी असलेलं घर बांधलं. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत ते राहायला आले. ज्युडिथ पहिल्याच संध्याकाळी सायकल घेऊन खळ्यावर गेली आणि अंधार पडेपर्यंत गोल गोल फिरत राहिली. गॅलरीत गर्शोम चहाचा कप हातात घेऊन उभा होता. चहा निवून गेला तरी तो प्याला नाही. सुख म्हणतात ते त्या माणसाने तेवढं एकदाच पाहिलं, आणि जेमतेम एक वर्ष.

कारण सगळे प्लॉट विकले गेले आणि मैदानाचा उपयोग संपला. अनंताला आता रोज ती रिकामी जागा डोळ्यांत खुपायला लागली. मोजणीच्या वेळी मैदानाच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड पुरले होते, प्रत्येकावर टाकीने कोरलेला आकडा आणि बाण. रस्त्याकडेचा, करंजाखालचा, सात नंबरचा. तो एका सकाळी जागेवर नव्हता. गटारात सापडला. गर्शोमने टेप लावून तो पुन्हा पुरला. महिन्याभरात पुन्हा उपटला गेला, आणि या वेळी त्याच्या जागी विटांचा एक ट्रक रिकामा झाला होता. दगड गेला की हद्द गेली, हद्द गेली की मैदान वितळायला लागतं. हे गर्शोमइतकं कुणाला कळणार?

तो सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेला. कुमुदताई, शाळेत मराठी शिकवायच्या, सज्जन बाई. त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन पत्रं लिहिली. अनंताने ती घेतली, चहा पाजला आणि म्हणाला, "ढोरांनी पाडला आसंल दगड. आनि मैदान तुमचंच हाय की, मी कुटं नाय म्हनतो?" पण मैदान सोसायटीच्या नावावर करून द्यायचं म्हटलं की त्याला दर वेळी कुणाचं तरी लग्न निघायचं. सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहिलं.

विटा उचलायला लावून गर्शोमने तिसऱ्यांदा दगड पुरला, या वेळी सिमेंट घालून. हाही राहायचा नाही हे त्याला दिसत होतं. आणि मग एका संध्याकाळी बाजारातून येताना त्याची नजर एका भिंतीवर गेली. त्या भिंतीवर लोक वर्षानुवर्षं पान थुंकायचे, आडोसा बघून आणखीही बरंच काही करायचे. मालकाने तिथे देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवल्या होत्या आणि भिंत धुतल्यासारखी स्वच्छ होती. गर्शोम तिथे पाच मिनिटं उभा राहिला. मग वळला आणि कासाराच्या शेजारच्या दुकानातून पावशेर शेंदूर घेऊन आला.

तमारने पुडी उघडून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, हे आपल्यात चालत नाही."

"मी कुठे पुजतोय? तो हद्दीचा दगड आहे. त्याला रंग देतोय, एवढंच."

"आपल्या लोकांनी सात पिढ्या तेल गाळलं," ती म्हणाली, "सगळ्या गावाच्या देवांना पुरवलं. पण आपल्या हाताने दगडाला लावलं नाही."

स्वयंपाकघरातून तेलाची वाटी त्याला स्वतःच आणावी लागली.

त्या दिवसांत रविवारी सकाळी टीव्हीवर देवांची मालिका लागायची आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. अनंतनगरच्या सगळ्या खिडक्यांतून एकच शंख वाजत होता तेव्हा गर्शोम करंजाखाली उकिडवा बसून तेलात कालवलेला शेंदूर दगडाला फासत होता. आधी बाणावर, मग आकड्यावर. हात सवयीने कडेपर्यंत नीट गेला. उठला तर मागे सखूबाई उभी. डोंगराकडची कातकरीण, कॉलनीच्या बांधकामांवर विटा वाहायची, मैदानाच्या कडेला तिची झोपडी होती. तिच्याकडे टीव्ही नव्हता.

"बाबा, देव बसवताव काय?" तिने विचारलं.

"नाही गं. दगड कुणी उपटू नये म्हणून."

"मंग आता नाय उपटनार," ती म्हणाली आणि पाण्याला गेली.

खरोखरच उपटला नाही कुणी. विटांचे ट्रक लांबून वळून जाऊ लागले. गर्शोम आपल्या अकलेवर इतका खूश झाला की कचेरीत टेबलाशी एकटाच हसायचा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. गर्शोमच्या बाबतीत तर ते अक्षरशः झालं. हद्दीवर उभा, शेंदराने माखलेला, म्हणजे मारुतीच, असं अनंतनगरने आपसांत ठरवून टाकलं. आधी एक जास्वंदीचं फूल. मग कुमुदताईंनी परीक्षेच्या दिवसांत वाहिलेला नारळ. त्यांचा मुलगा पास झाला, आणि मग कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. इथे भटाचीही वाट बघावी लागली नाही. एक्याण्णव साली दगडाभोवती चौथरा झाला. पाय घसरतात म्हणून चौथऱ्यापुढे फरशी आली. ऊन लागतं म्हणून पत्र्याची शेड. शेडवर करंजाची पानं पडून कुजतात म्हणून करंज तोडला. प्रत्येक वेळी गर्शोम सोसायटीच्या सभेत उठून म्हणायचा, "मैदान लहान होतंय." प्रत्येक वेळी कुमुदताई मऊ आवाजात म्हणायच्या, "देवाला चार हात जागा जड झाली का आपटेकर?" आणि तो खाली बसायचा.

सगळ्यात वाईट शनिवार. पूर्वी शनिवारी तो गॅलरीत शांत बसायचा. आता सकाळपासून खाली रांग लागायची, हातात तेलाच्या वाट्या. ज्यांनी शनिवारी तेलाला हात लावला नाही त्यांचा नातू दर शनिवारी वरून बघत बसायचा, त्याने रंगवलेल्या दगडावर लोक तेल ओततायत. तमार गॅलरीचं दार लावून घ्यायची. तिने त्याला कधी बोल लावला नाही. तिने एकदा तरी भांडायला हवं होतं, असं त्याला वाटायचं.

शहाण्णव साली देवस्थानचा ट्रस्ट झाला. अध्यक्ष अनंता. त्याच वर्षी भाविकांच्या सोयीसाठी सभामंडपाची कुदळ पडली आणि भिंती वर आल्यावर फलक लागला, श्री मारुती मंगल कार्यालय. ब्रह्मचारी देवाच्या नावाने लग्नाचा हॉल! हसायला हवं होतं सगळ्या गावाने. कुणी हसलं नाही, तारखा मात्र सहा महिने आधी भरल्या. उरलेल्या पट्ट्यात वऱ्हाडाच्या गाड्या लागायला लागल्या. पोरं रस्त्यावर खेळायला गेली आणि एकाचा पाय स्कूटरखाली आला.

ज्युडिथ तोवर अठराची झाली होती. मामाकडे इस्रायलला जायचं तिचं ठरलं. जाताना तिने हॉलच्या भिंतीकडे बघून विचारलं, "पप्पा, इथे मी सायकल शिकले ना?" त्याने हो म्हटलं. तमारला लेकीच्या मागोमाग जायचं होतं. त्यांच्यातले निम्मे लोक कधीच गेले होते. गर्शोम म्हणाला, "आधी मैदानाचा निकाल लागू दे." त्याने मंजूर नकाशाची प्रत जोडून तक्रार केली. हिरवा चौकोन, त्याच्याच हातचा.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये चौकशीला सरकारी साहेब आले. चाळीसेक माणसं जमली. अनंताने प्रतिज्ञापत्र पुढे केलं: देव स्वयंभू, आजाच्या वेळेपासून खळ्यावर, भात झोडायच्या आधी त्याला नारळ फुटायचा. देवस्थान लेआउटच्या आधीचं असेल तर प्रश्नच मिटत होता. साहेबांनी गर्शोमकडे पाहिलं. "तुमचं म्हणणं काय?"

"देव स्वयंभू नाही," गर्शोम म्हणाला. "तो हद्दीचा दगड आहे. सात नंबरचा. एकोणनव्वद साली मी त्याला शेंदूर लावला."

कुणी ओरडलं नाही, कुणी अंगावर आलं नाही. लोकांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं, नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तसं. कुमुदताईंचे डोळे भरून आले. "आपटेकर, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "जमिनीसाठी देवाला खोटं पाडायचं?"

"साक्षीदार आहे," तो म्हणाला. सखूबाई देवळाच्या पायरीशी खराटा घेऊन उभी होती. गर्शोम तिच्याजवळ गेला. "सखूबाई, तू पाहिलंस ना? सांग यांना."

ती त्याच्यापुरतं बोलली, "बाबा, हॉलसाठी झोपडी मोडली तवा यांनीच झाडायचं काम दिलंय. देव नाय म्हनून सांगू, तर खाऊ काय?" आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "मला नाय ठाव."

आता एकच पुरावा उरला होता, आणि तो शेंदराच्या पुटांखाली होता. बोटभर जाड थर. खरवडला की आकडा दिसणार, बाण दिसणार. गर्शोमचा हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला आणि अर्धं ब्लेड बाहेर आलं. तो चौथऱ्याची पायरी चढला. अनंता शेजारी येऊन उभा राहिला आणि कानाशी बोलला.

"मला ठाव हाय दादा. आदीचे दोन टायमाला मीच उपटला व्हता त्याला, नंबर बगितलाय मी. तवा उपटला. आता मला बी हात लावता येनार नाय, आनि तुमाला बी. खरवडा. मी आडवा येनार नाय."

गर्शोमने मागे वळून पाहिलं. चाळीस माणसं, सगळी ओळखीची. यातल्या कुणाकुणाच्या घराचे नकाशे त्याने काढले होते. ज्युडिथच्या तापात कुमुदताई दोन रात्री उशाशी बसल्या होत्या. आजोबा अभिमानाने सांगायचे, आपल्या लोकांना जगभर हाकललं, या मुलुखात मात्र कुणी कधी बोट लावलं नाही. ती गोष्ट पुढे कुणाला सांगता येऊ नये, असं काही आपल्या हातून व्हायला नको असं त्याला वाटलं. आणि तो घाबरलाही. आपल्या माणसांची भीती वाटावी याची त्याला लाज वाटली, पण घाबरला तो घाबरलाच. ब्लेड त्याने कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका खरवडून काढलेल्या माणसाला आपली एक खरवडता आली नाही. साहेबांनी लिहिलं, देवस्थान प्राचीन असल्याचे दिसून येते.

पुढच्या वर्षी त्यांनी घर विकायला काढलं. दलालाने जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं, मंदिरासमोर. त्याने घराची किंमत वाढली. पुण्याकडचं एक जोडपं बघायला आलं ते नेमकं शनिवारी. गर्शोमने व्यवहाराचं बोलणं उद्या करू म्हणून सांगितलं आणि नुसतं घर दाखवलं. नवरा नळाचं पाणी बघत होता. बाई गॅलरीत गेल्या, खालची रांग पाहून त्यांनी हात जोडले.

"जागृत आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "पावतो का हो? तुमचा काही अनुभव?"

"मी एक काम सांगितलं होतं त्याला," गर्शोम म्हणाला. "म्हटलं, या जागेवर कुणाला बसू द्यायचं नाही."

"मग?"

"स्वतःच बसला."

बाईंना वाटलं म्हातारा गंमत करतोय. त्या हसल्या, तमारकडून वाटीभर तेल मागून घेतलं, खाली जाऊन दगडावर घातलं, आणि वर येऊन सांगितलं की घर पसंत आहे.